खुंटीमावशीची फिरती

चूक हजेरीबाबूची होती, यात वाद नाही. पण ती करताना त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बघणाऱ्याला वाटावं, माणूस पुण्य गाठीला बांधतोय.

सूतगिरणी नव्या मालकांनी घेतली आणि जुने पितळी बिल्ले मोडीत निघाले. आता प्रत्येकाच्या छातीवर प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर फोटो, आणि फोटोखाली कामाचं नाव आपल्या भाषेत, असं नव्या साहेबांनी ठरवलं. जुन्या दप्तरात कामांची नावं इंग्रजीत होती. ती उतरवायचं काम हजेरीबाबूकडे आलं, कारण हजेरीखात्यात इंग्रजी येणारा तो एकटाच. म्हणजे बाकीच्यांना अजिबात येत नव्हतं, एवढीच त्याची पात्रता. लहान गावातल्या शाळेत त्याने इंग्रजी पाठ करून सर केलं होतं. शब्द दिसला की अर्थ शोधायचा आणि अर्थ सापडला की उडी मारायची. खाली विहीर आहे की गवत हे बघायची सवय नव्हती.

एका नावापाशी तो अडला. रोव्हिंग. शब्दकोश काढला. रोव्ह म्हणजे भटकणे, हिंडणे, एक ठिकाण न धरता फिरणे. खाली उदाहरणं होती. रोव्हिंग रिपोर्टर म्हणजे गावोगाव फिरून बातम्या आणणारा. रोव्हिंग आय म्हणजे एकीवर न ठरणारी नजर. हे दुसरं उदाहरण त्याने दोनदा वाचलं. बाईच्या छातीवर 'भटकी' लिहिणं बरं दिसणार नाही, एवढा पोच त्याला होता. म्हणून त्याने लिहिलं, 'फिरती कामगार'. त्याच पानावर खाली, दोनचा आकडा घालून, तोच शब्द पुन्हा दिला होता. पण पहिल्याच दारात पाहुणचार झाल्यावर दुसरं दार कोण ठोठावतो?

आणि हा बिल्ला गेला कुणाला, तर साऱ्या गिरणीत जिला खुंटी म्हणत तिला.

खुंटीमावशी वीस-बावीस वर्षं एकाच साच्यावर, म्हणजे यंत्रावर, उभी होती. पिंजलेल्या कापसाची मनगटाएवढी मऊ दोरी एका बाजूने साच्यात शिरायची, ताणून ताणून बारीक व्हायची, तिला नावापुरता पीळ बसायचा आणि ती बॉबिनवर गुंडाळली जायची. पुढे कताई खात्यात तिचं सूत व्हायचं. घरी चरख्यावर कातणारे ज्याला पेळू म्हणतात तोच हा प्रकार, फक्त मैलोगणती लांब. गिरणीत त्याला रोव्हिंग म्हणत. साच्याचं नावही तेच. नंतर आलेल्या बायकांच्या कागदांवर त्याच साच्याला 'स्पीड फ्रेम' असं नवं नाव लागलं होतं, म्हणून त्या वाचल्या. जुन्या नावाची ही एकटीच उरली होती.

तिच्या खुंटीपणाच्या गोष्टी सांगाव्या तेवढ्या थोड्या. जेवायला बाक ठरलेलं, बाकाचं टोक ठरलेलं. एकदा रंग दिला म्हणून ते बाक बाहेर नेलं होतं, तर ही डबा घेऊन बाहेर ओल्या बाकाशेजारी उभ्याने जेवली. भाड्याची खोली पहिल्या नोकरीत घेतली तीच आजही. घरमालक तीन बदलले. तेच येऊन हिची ओळख करून घेत.

याला कारण होतं. तिचा बाप रस्ते बांधणाऱ्या टोळीत होता. जिथे रस्ता संपायचा तिथे यांचं घर सुरू व्हायचं, आणि रस्ता पुढे सरकला की घरही गुंडाळलं जायचं. प्रत्येक शाळेत ती वर्षाच्या मध्येच जायची आणि वर्ष संपायच्या आत निघायची. मुलं तिला नावाने हाक मारायला शिकेपर्यंत निघायची वेळ यायची. तोवर ती 'भटक्यांची'. चौथीत ती तीन शाळांमध्ये बसली आणि तिन्हींत नापास झाली. त्याच वर्षी तिने मनाशी ठरवलं होतं की आपले पाय जमिनीत एकदा रोवले की मग कोणी ओढून काढून दाखवावेत.

नवऱ्याने तो प्रयत्न करून पाहिला. तो ट्रकवर होता. दूरच्या बंदरावर त्याला घरासकट नोकरी मिळत होती. ती म्हणाली, तू जा, मी इथेच आहे, यायचं तेव्हा ये, घर शोधत बसावं लागणार नाही. तो काही वर्षं आला, मग सणासुदीपुरता आला, मग निरोप आला, मग निरोपही थांबला. कुणी विचारलंच तर ती सांगायची, "त्याला रस्ता लागला." कुणावर डोळे पुसायची वेळ तिने येऊ दिली नाही.

तर अशा बाईने बिल्ला हातात घेतला आणि अक्षर अक्षर जुळवत वाचला. फिर-ती. तिच्या कानशिलापर्यंत काहीतरी चढत गेलं. शेजारचा हमाल वाकून वाचू लागला आणि म्हणाला की मावशी, आता चाकं बसवून घ्या म्हणजे झालं. सगळे हसले. तिच्या साच्याच्या खात्याचा मुकादमही हसला, तेही पोट धरून.

ती तडक हजेरीच्या खिडकीवर गेली. बाबूने तिला इंग्रजी समजावून सांगितलं. मोठ्या प्रेमाने सांगितलं. रोव्हिंग म्हणजे काय, रिपोर्टर कसा फिरतो, वगैरे. नजरेचं उदाहरण मात्र गाळलं. ती म्हणाली की रोव्हिंग हे माझ्या साच्याचं नाव आहे, माझं नाही. बाबू म्हणाला, साच्याचं नाव असं भटकं कसं असेल, साचा तर जागचा हलत नाही. आणि मग ते वाक्य, जे ती पुढे कित्येक दिवस तोंडातल्या खड्यासारखं घोळवत राहिली: "बिल्लाच तर आहे, मावशी. कोण वाचतंय?"

साहेब वाचत होते.

नवे साहेब याआधी बिस्किटांच्या कारखान्यात होते. तुटलेलं बिस्किट त्यांना लांबून ओळखू यायचं. सुताचं अजून तसं झालं नव्हतं. पण माणसं वाचावीत अशी त्यांना कुणीतरी शिकवण दिली होती, आणि ती ते अक्षरशः पाळायचे. फेरी मारताना छातीवरचं वाचायचे आणि मान डोलवायचे. मावशीपाशी थांबून त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. गठ्ठे बांधायच्या खात्यात माणूस कमी होता. फिरती कामगार असताना माणूस कमी कसा?

दुसऱ्या दिवशी तिला गठ्ठ्यांवर पाठवलं. तिच्या साच्यावर एक नवी बाई आणून उभी केली, दोन लेकरांची आई, चेहऱ्यावर भीती आणि हाताला सवय नाही. मावशीने मुकादमाकडे पाहिलं. दोघं एकाच वर्षी लागले होते. तो पहिल्या महिन्यात बॉबिनी उलट्या लावायचा तेव्हा हिनेच त्या गुपचूप सुलट्या केल्या होत्या. त्याने फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, साहेब, ही साच्यावरची बाई आहे. मुकादम वरच्या पंख्याकडे बघत राहिला. तो पंखा बंद होता.

मग सुरू झाली वरात. आज गठ्ठे, उद्या गोदाम, परवा झाडलोटीतल्या टाकाऊ कापसाची खोली, जिथे अर्ध्या तासात माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. एक दिवस उपाहारगृहात भांडी. प्रत्येक ठिकाणी ती 'नवी'. पाणी कुठे ठेवतात, विचारा. झाडू कुठे, विचारा. बसू कुठे, तर कुणाची तरी जागा. चौथीतल्या पोरीला जे तीन शाळांनी दिलं होतं ते सगळं या गिरणीने तिला पुन्हा, व्याजासकट दिलं. गोदामात एका पोरसवदा हमालाने तिला "ए फिरती" अशी हाक मारली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो संध्याकाळपर्यंत तिला काकू म्हणत होता. पण राग त्याने कमी झाला नाही. राग सकाळी तिच्याआधी उठायचा आणि तिच्याबरोबर डबा भरायचा.

एकदा ती मुद्दाम आपल्या खात्यावरून गेली. नवी बाई तुटलेलं टोक हातात धरून उभी होती. तुटलेला पेळू बोटांत नुसता हलका वळवून सांधायचा असतो. ही तो दोरीला गाठ मारावी तसा आवळत होती. तिने मावशीला पाहिलं आणि केविलवाणं विचारलं की हे कसं करायचं ते दाखवता का. मावशी आयुष्यात कुणाला एवढं कडू बोलली नसेल तेवढं त्या बाईला बोलली. "माझ्या जागी उभी राहिलीस, आता माझे हात पण हवेत का?" नवी बाई खाली बघून पुन्हा गाठ मारू लागली.

त्या संध्याकाळी मावशीने घरी येऊन बिल्ला टेबलावर आपटला. खाटेवर आई बसली होती. गुडघे गेलेले, डोळे अधू, पण कान आणि जीभ शाबूत. आईने विचारलं, काय लिहिलंय त्यावर एवढं? इतके दिवस तिने सांगितलं नव्हतं. आता वाचून दाखवलं आणि बाबूने सांगितलेला अर्थही सांगितला. म्हातारी हसायला लागली, ठसका लागेपर्यंत.

मावशी भडकली. तिने सगळं काढलं: तीन शाळा, पावसात भिजलेली पुस्तकं, ते "भटक्यांची" म्हणून चिडवणं. म्हणाली, तुमच्या त्या हिंडण्यात माझी अक्षरं गेली, म्हणून आज कुणीही काहीही लिहून माझ्या छातीवर टोचतंय.

आईने ठसका थांबू दिला. मग म्हणाली, "गेली. तुझी शाळा आमच्यामुळे गेली, ते मी नाही म्हणत नाही. तो राग आमच्यावर कर, तो आमचाच आहे. पण भटक्या म्हटलं की तुझा बाप 'ओ' द्यायचा. रस्ता पुढे न्यायचा तर माणसाला पुढे जावंच लागतं. हे लोक तुला फिरवतायत ते काय बांधायला?"

मावशीने टेबलावरचा बिल्ला पालथा केला.

"मग दोन राग एका गाठोड्यात बांधू नकोस," आई म्हणाली. "कुणाचं कुणाला देऊन बसशील."

नव्या बाईचा खाली गेलेला चेहरा तिला तेव्हा आठवला. आठवला म्हणून ती आणखीच चिडली आणि भांडी वाजवत बसली.

पुढच्या आठवड्यात सूत विकत घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. त्याला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं. खात्याखात्यातून फिरला, कताईत बराच वेळ थांबला, आणि साहेबांच्या खोलीत येऊन नाराजीने म्हणाला, "टू मेनी ब्रेक्स इन द रोव्हिंग."

साहेबांना इंग्रजी येत होतं, म्हणूनच पंचाईत झाली. ब्रेक म्हणजे सुट्टी. रोव्हिंग म्हणजे? त्यांनी खातरजमेसाठी हजेरीबाबूकडे पाहिलं. बाबूने छाती फुगवून सांगितलं की रोव्हिंग म्हणजे आपली फिरती कामगार, ती एकच आहे, दप्तरात तशी नोंद आहे. साहेब थक्क झाले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाच्यासुद्धा डोळ्यावर यावं, इतकी ही बाई वरचेवर सुट्टी घेते?

मावशीला गठ्ठ्यांवरून बोलावून आणलं. साहेब शांतपणे म्हणाले की बाई, तुम्ही फार ब्रेक घेता अशी बाहेरून तक्रार आहे, कामावर असताना असं वरचेवर उठून जाणं शोभत नाही.

सकाळपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. गठ्ठ्यांच्या खात्यातला माठ त्या दिवशी हलवला होता आणि कुठे हलवला हे विचारायची तिला शिसारी आली होती. ती साहेबांकडे बघत राहिली. मग बाबूकडे. मग खुर्चीत बसलेल्या त्या तपासनिसाकडे, ज्याने तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि जो आता तिला पाहून भुवया उंचावत होता, ही कोण म्हणून.

तिने बिल्ला काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. साहेबांना वाटलं फाटकाकडे गेली. ती आपल्या खात्यात गेली, सरळ आपल्या साच्यापाशी, नव्या बाईला खांद्याने बाजूला केलं आणि दांडा ओढून साचा बंद केला.

चालत्या गिरणीत एक साचा बंद पडला की आवाजात दात पडल्यासारखी फट राहते. सगळ्यांच्या माना वळल्या. मुकादम धावत आला, चालू कर, चालू कर म्हणत. मागून साहेब, बाबू आणि तपासनीसही आले.

"मी नाही चालू करत," ती म्हणाली. "मी सुट्टीवर आहे. फार सुट्ट्या घेते ना मी? ही पण एक लिहून घ्या."

साहेबांनी आवाज चढवला. तिने त्याच्या वर चढवला. कामावरून काढण्याची भाषा झाली. मग काढा, पण माझ्या साच्यावरून काढा, गठ्ठ्यांवरून नको, असं तिने सांगितलं. या सगळ्या गदारोळात तपासनीस मात्र पुढे झाला. त्याला भांडणातलं अक्षर कळत नव्हतं. त्याला फक्त बंद साचा दिसत होता. त्याने वाकून लोंबत असलेलं एक तुटकं टोक उचललं, त्यावरची जाड गाठ अंगठ्याने चेपून पाहिली आणि ते साहेबांच्या नाकासमोर धरून त्याकडे बोट केलं. "येस, येस. दिस रोव्हिंग."

हजेरीबाबूने त्या बोटाकडे पाहिलं. बोट मावशीकडे नव्हतं. कापसाच्या दोरीकडे होतं. बाबूचा चेहरा आधी लाल झाला, मग टाकाऊ कापसाच्या खोलीत जाऊन आल्यासारखा पांढरा. हळू आवाजात तो साहेबांना म्हणाला की सुट्टी नाही, तुटतंय म्हणतोय तो. पेळू तुटतोय.

साहेबांनी विचारलं, मग फिरती कामगार म्हणजे?

मुकादमाने पुन्हा वर पाहिलं. आज पंखा चालू होता.

मावशी त्याच्याकडे वळली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती, आणि आता ओरडत नव्हती. "या पोराला इंग्रजी कळलं नाही. साहेबांना सूत कळलं नाही. तुला काय कळलं नव्हतं रे?"

मुकादम म्हणाला की अगं, साहेबांच्या तोंडी कोण लागणार, मला वाटलं आठवडाभरात निस्तरेल. ती म्हणाली, "तुझ्या उलट्या बॉबिनी पण निस्तरल्या असत्या. चार दिवस पगार कापून." मग तिने त्याच्याकडे पाठ केली. ती पाठ अजून तशीच आहे.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना घाई होती. तपासनिसाला चहाला न्यायचं होतं. गैरसमज झाला म्हणाले, मावशींनी आपला साचा सांभाळावा, बिल्ला नवा मिळेल. तिने दांडा ढकलला, साचा सुरू झाला. तुटकी टोकं एकेक करून बोटांत घेतली, वळवली, सोडली. प्रत्येक सांधा धरला. तिला हवं ते मिळालं होतं.

जाता जाता साहेब दारात थांबले. "मग फिरतीवर कोण जाईल?"

मावशी म्हणाली की फिरती नावाचं कामच या गिरणीत नव्हतं, ते या पोराच्या चुकीतून निघालंय. साहेबांनी विचार केला. चुकीतून निघालं खरं, पण उपयोगी आहे, म्हणाले, गठ्ठेवाल्यांना आता सवय झाली आहे. आणि साच्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या नव्या बाईकडे त्यांनी बोट केलं.

बाईने पदर खोचला आणि गठ्ठ्यांचं खातं कुठल्या बाजूला ते तिने मावशीलाच विचारलं. मावशीने सांगितलं. पाण्याचा माठ हलवलाय, हेही सांगितलं. कुठे हलवलाय ते तिला सांगता आलं नाही.

सुट्टी झाल्यावर मावशी हजेरीच्या खिडकीवर गेली. बाबू शब्दकोश बंद करून त्यावर कोपर टेकून बसला होता, पुस्तक पळून जाईल असा. तिला पाहताच म्हणाला की चुकलं, मावशी, त्याच पानावर खाली दुसरा शब्द होता, दिसायला तोच, पण नातं ना गोतं. उद्याच नवा बिल्ला करतो.

"बिल्ला कर. पण चुकलं म्हणायचं ते इथे खिडकीत नको. सगळे हसले होते ना? मग सगळ्यांसमोर म्हण. खात्यात ये."

"येतो की. उद्या येतो."

"आणि दोनदा म्हणायचं. एकदा मला. एकदा तिला. ती तुझ्या अर्थामुळे भटकतेय."

बाबू म्हणाला की तिला तर साहेबांनी पाठवलंय, त्यात माझं काय. मावशीने खिडकीच्या गजातून आत हात घातला. तो दचकून मागे सरकला. तिने फक्त शब्दकोश त्याच्या कोपराखालून ओढला आणि त्याच्या समोर उघडा ठेवला, जणू ताटच वाढलं.

बिल्ला दुसऱ्या दिवशी खरंच आला. 'पेळूसाचा कामगार' असं स्वच्छ लिहिलेला. पण तो चपराशाच्या हाती आला. बाबू आला नाही. जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहाकडे जायचा जवळचा रस्ता तिच्या खात्यातून जातो. बाबू हल्ली गोदामाला वळसा घालून, उन्हातून, पाठीमागच्या दाराने जातो. नवी बाई आज गोदामात, उद्या भांड्यांवर. मधल्या सुट्टीत मावशी तिला बाकाच्या आपल्या टोकावर बसवून घेते आणि कापसाच्या तुकड्यावर सांधा शिकवते. शिकवतानाही चिडचिड करते, हळू वळ म्हणते, गळा नाही आवळायचा कुणाचा म्हणते.

रोज सकाळी हजेरी लावताना ती खिडकीपुढे थांबते. दोन बोटं वर करते.

आतून मान खाली घालून आवाज येतो, "उद्या, मावशी."